सात पाचच्या बातम्या

आमच्या घरात रेडिओ आला तो 1971 साली. भवानीनगरच्या कारखान्याचं उसाचं बिल मिळालं आणि आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बारामतीहून मर्फीचा ट्रान्झिस्टर आणला. चामड्याच्या पिशवीतला, खांद्याला अडकवायच्या पट्ट्याचा. आमचं गाव बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेवर, नीरा डाव्या कालव्याच्या अलीकडं. गावात वीज होती, पण ती असून नसल्यासारखीच. म्हणून सेलवर चालणारा रेडिओ. सेल संपत आले की आण्णा ते काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे, मग आणखी दोन-तीन दिवस चालायचे. रेडिओचा परवाना असायचा. एक छोटं पुस्तक, त्यावर पोस्टात वर्षाची फी भरून शिक्का मारून घ्यायचा. आज्जी म्हणायची, "बैलाला न्हाय, कुत्र्याला न्हाय, पण ह्या बोलत्या डब्याला लायसन!"

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागायच्या. साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या. सात पाचला आमच्या ओट्यावर दहा-बारा माणसं तरी जमायची. धारा काढून झालेल्या असायच्या, हातात चहाची बशी. बातम्या सुरू झाल्या की कुणी बोलायचं नाही. पाटाला पाणी कधी सुटणार इथपासून पंतप्रधान कुठं गेल्या इथपर्यंत जे काही रेडिओ सांगेल ते खरं. कुणी शंका काढली तर आण्णांचं उत्तर ठरलेलं : "रेडिओनं सांगितलंय." संपला विषय.

हा विश्वास काही एका दिवसात आलेला नव्हता. त्याची मुळं आमच्या जिल्ह्यातच होती. 1956 साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं काढली. आठवड्यातून दोनदा गावातली पंधरा-वीस माणसं रेडिओभोवती बसायची, शेतीचा नाहीतर आरोग्याचा कार्यक्रम ऐकायची, त्यावर आपसात बोलायची आणि आपल्या शंका, आपलं म्हणणं पुण्याला कळवायची. पुढच्या कार्यक्रमात त्याची उत्तरं यायची. ऐका, चर्चा करा, करून बघा, असं त्याचं सूत्र होतं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला, बाहेरच्या देशांतही त्याचं नाव झालं, आणि 1959 पासून अशी मंडळं देशभर सुरू झाली. आमच्या चावडीत ग्रामपंचायतीचा रेडिओ आला तो त्याच लाटेत. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, त्या मंडळात पत्र लिहायचं काम करायचे. हुमणीवर काय मारायचं, खताची गोणी वेळेवर का मिळत नाही, असली पत्रं. एकदा त्यांचं पत्र रेडिओवर वाचलं गेलं. आपल्या गावाचं नाव रेडिओत आलं म्हणून आजोबांनी म्हणे पेढे वाटले होते. माझा जन्म त्यानंतरचा, 1964 चा. पण ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की ते पेढे मीच खाल्ल्यासारखे वाटतात.

आण्णा काँग्रेसचे. सोसायटीत, कारखान्याच्या सभेत त्यांची ऊठबस. आमच्या भागात त्या काळी काँग्रेस हा पक्ष नव्हताच, ती हवा होती. जन्माला आलं की माणूस ती घेत असे. तात्या मात्र सेवादलात वाढलेले, समाजवादी. दोघा भावांचं पटायचं नाही असं नाही. जेवताना वाद व्हायचा, आणि सकाळी दोघं मिळून मोट सोडायला जायचे.

1975 चा जून. मी सहावीत गेलो होतो. 26 तारखेला सकाळी इंदिरा गांधी रेडिओवरून बोलल्या. राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारली आहे, घाबरण्याचं कारण नाही, असं. ओट्यावरची माणसं एकमेकांकडं बघत राहिली. आणीबाणी म्हणजे काय ते कुणालाच नीट कळलं नाही. एकजण म्हणाला, "पाण्याची पाळी लांबणार का काय?" तात्या तेवढे उठून उभे राहिले. त्यांच्या ओळखीची पुण्याची माणसं रातोरात उचलली गेली होती, हे त्यांना दोन दिवसांनी कळलं. रेडिओवरून नाही, एस्टीच्या कंडक्टरकडून.

त्यानंतर रेडिओ बदलला. आवाज तेच, वेळ तीच, पण ऐकताना काहीतरी कमी वाटायचं. आधी संपाच्या, मोर्चाच्या, कुणी कुणावर टीका केल्याच्या बातम्या असायच्या. त्या गेल्या. त्यांच्या जागी वीस कलमी कार्यक्रम आला. रोज. अमक्या तालुक्यात भूमिहीनांना इतके भूखंड, तमक्या जिल्ह्यात इतकी कर्जमाफी, गाड्या वेळेवर धावू लागल्या. आमच्या भागातून बारामतीची एक छोटी लाईन सोडली तर रेल्वेशी कुणाचा संबंध नव्हता. पण गाड्या वेळेवर धावतात हे आमच्या आज्जीलाही पाठ झालं होतं.

नोव्हेंबरात देशभर सत्याग्रह सुरू झाला. तात्यांनी आणखी तिघांबरोबर बारामतीच्या स्टँडवर पत्रकं वाटली आणि घोषणा दिल्या. पाच मिनिटांचं काम. पोलीस घेऊन गेले. आधी पत्रकांचा गुन्हा लावला, मग मिसा लागला, आणि तात्या येरवड्यात गेले ते सव्वा वर्ष.

मला त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त आठवतं ते आज्जीचं. तिला वाचता येत नव्हतं. तिच्या लेखी जगात घडलेली गोष्ट म्हणजे रेडिओनं सांगितलेली गोष्ट. तात्यांना नेल्याच्या दुसऱ्या दिवशी सात पाचला ती रेडिओपाशी येऊन बसली. एरवी ती बातम्यांना कधी बसायची नाही, चुलीपुढं असायची. बातम्या संपल्या. तिनं विचारलं, "आपल्या तात्याचं काय सांगितलं?" आण्णा म्हणाले, "काय न्हाय." ती म्हणाली, "आरं, मागं खताचं लिवलं तवा नाव घेतलं हुतं की. मग आता का घेत न्हाईत?" आण्णांनी रेडिओ बंद केला. त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं. ती मात्र पुढं कितीतरी दिवस रोज येऊन बसायची. आज सांगतील, उद्या सांगतील. नंतर नंतर ती म्हणायला लागली, "ह्यांच्या लेखी त्यो धरलेलाच न्हाय."

त्या एका वाक्यात सगळं आलं, असं मला आज वाटतं. रेडिओ खोटं बोलत होता असं नाही. वाटलेले भूखंड कुठंतरी वाटलेही असतील. पण जे घडलं ते न सांगून तो ते घडलंच नाही असं करत होता. लाखभर माणसं तुरुंगात होती आणि बातम्यांत तुरुंग हा शब्द नव्हता.

1976 च्या जानेवारीत बार्शीला नसबंदीचं शिबिर झालं. बाजाराला आलेली माणसं बळजबरीनं धरून नेऊन शस्त्रक्रिया केल्या गेल्या. बार्शी आमच्यापासून काही फार लांब नाही. इंदापूरच्या बाजारात बैलांचे व्यापारी यायचे त्यांनी ते सांगितलं, आणि आमच्याकडची माणसं काही दिवस तिकडच्या बाजाराला जायची बंद झाली. तेव्हा वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, 'साधना'सारख्या साप्ताहिकांना छपाईसाठी झगडावं लागत होतं. तरी बार्शीची हकीकत छापून आली. रेडिओवर कुटुंबनियोजनाचे आकडे येत होते. बार्शी आली नाही. ओट्यावरच्या माणसांनी पहिल्यांदाच असं केलं की रेडिओ ऐकायचा आणि मग इंदापूरहून कोण आलंय का ते बघायचं.

पोरांना कळलं ते वेगळ्या वाटेनं. माझा थोरला भाऊ विविध भारतीवर किशोरकुमारच्या गाण्यांची वाट बघत बसायचा. 1976 च्या मे महिन्यापासून ती गाणी लागेनाशी झाली. भावाला वाटलं, सेल उतरले. त्यानं ते उन्हात ठेवले, पुन्हा घातले. रफी लागायचा, मुकेश लागायचा, किशोर नाही. सरकारच्या कार्यक्रमांना सहकार्य केलं नाही म्हणून माहिती खात्यानं त्याची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद केली होती. विद्याचरण शुक्ल तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते. हे सगळं पुढं शहा आयोगापुढं आलं. पण आम्हाला तेव्हा कोण सांगणार?

एका हिवाळ्यात, रात्रीच्या वेळी, लासुर्ण्याच्या एका माणसानं आण्णांना शॉर्ट वेव्हवर बीबीसीची हिंदी बातमीपत्रं लावून दिली. खरखर, मधेच आवाज लांब जायचा, मधेच जवळ यायचा. पण त्यात विरोधी पुढाऱ्यांची नावं असायची. जयप्रकाशांची तब्येत कशी आहे ते असायचं. आण्णा काँग्रेसचे होते, पण त्यांचा सख्खा भाऊ आत होता. ते आवाज बारीक करून, घोंगडी पांघरून ऐकायचे. सकाळी सात पाचला मात्र ओट्यावर पूर्वीसारखेच बसायचे. तिथं ते कधी बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांची खरी कुचंबणा ती होती. रात्री एक ऐकायचं आणि सकाळी दुसरं. आणि दोन्ही वेळा गप्प बसायचं.

18 जानेवारी 1977 ला इंदिराबाईंनी निवडणूक जाहीर केली. ती बातमी मात्र रेडिओनंच दिली. फेब्रुवारीत तात्या सुटून आले. दाढी वाढलेली, वजन उतरलेलं. आज्जीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिलं वाक्य बोलली, "रेडिओत काय सांगितलं न्हाई रं तुझं." तात्या हसले. म्हणाले, "आई, आता आपणच सांगायचं." आणि निघाले प्रचाराला. चक्रातला नांगरधारी शेतकरी विरुद्ध गाय-वासरू. दिल्लीत जगजीवनराम फुटून निघाले आणि 6 फेब्रुवारीला रामलीला मैदानावर त्यांची नि जयप्रकाशांची सभा होती, त्या संध्याकाळी लोकांनी घरी बसावं म्हणून दूरदर्शननं 'बॉबी' सिनेमा लावला, असं पुढं सांगितलं जायचं. सभेला गर्दी झाली ती झालीच. आमच्या गावात टीव्हीच नव्हता. आमच्या सभेला 'बॉबी'ची आडकाठी नव्हती, उसाच्या रात्रपाळीची होती.

20 मार्चच्या रात्री ओट्यावर सगळा गाव होता. दोन रेडिओ ठेवले होते. एकावर आकाशवाणी, एकावर बीबीसी. आकाशवाणीवर दक्षिणेकडं काँग्रेस पुढं असल्याचं येत होतं, आणि ते खरंही होतं. उत्तरेचं काय, ते दुसऱ्या रेडिओतून कळत होतं. रायबरेलीत खुद्द पंतप्रधान पडल्या हे उशिरा कळलं तेव्हा कुणीतरी पिपाण्या वाजवायला घेतल्या. तात्यांनी त्याला थांबवलं. आण्णा भिंतीला टेकून बसले होते. महाराष्ट्रात 48 पैकी काँग्रेसच्या हाती 20 जागा उरल्या. आमच्या बारामती मतदारसंघातून निंबूतचे संभाजीराव काकडे निवडून आले. बारामतीतून काँग्रेस पडू शकते हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवशी आणीबाणी उठली.

आता इथंच ही गोष्ट संपली असती तर ती फार सोपी झाली असती. एक वाईट सरकार, एक दबलेला रेडिओ, मग लोकांचा विजय. पण घरात दोन पक्ष असले की गोष्ट तिथं संपत नाही.

जनता पक्षाचं राज्य आलं. लालकृष्ण अडवाणी माहिती खात्याचे मंत्री झाले. सरकारनं आणीबाणीतल्या माध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली. बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं 1978 च्या फेब्रुवारीत अहवाल दिला की आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारच्या हातातून काढून एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडं द्यावं. 'आकाश भारती' असं तिचं नाव सुचवलं. तात्यांनी पेपरातलं ते कात्रण ट्रंकेत जपून ठेवलं. "आता बघ दादा, रेडिओ कुणाच्या बापाचा राहणार न्हाय," असं ते आण्णांना म्हणाले.

पण सात पाचला काय ऐकू येत होतं? आता जनता सरकारचे मंत्री उद्घाटनं करत होते. पूर्वीच्या राजवटीची पापं रोज येत होती. एके दिवशी आण्णा बातम्या संपल्यावर म्हणाले, "तात्या, आवाज त्योच हाय की. नुसतं नाव बदललंय." तात्या म्हणाले, "पण आता खरं सांगतायत." आण्णा म्हणाले, "तवा मीबी हेच म्हणत हुतो."

त्यावर तात्या बोलले नाहीत.

1978 च्या जुलैत वसंतदादांचं सरकार पडलं आणि 18 तारखेला शरद पवार मुख्यमंत्री झाले. वय सदतीस. काँग्रेसमधून बाहेर पडलेली माणसं आणि जनता पक्ष एकत्र येऊन पुरोगामी लोकशाही दल, पुलोद. बारामतीचा माणूस राज्याचा मुखत्यार झाला. आमच्या ओट्यावर आण्णा आणि तात्या पहिल्यांदाच एका बाजूला आले. त्या दीड वर्षात सात पाचच्या बातम्यांवर दोघांपैकी कुणीही तक्रार केल्याचं मला आठवत नाही. बातम्यांत आपल्या माणसाचं नाव रोज येत होतं. रेडिओ निःपक्षपाती झालाय असंच आम्हाला सगळ्यांना वाटत होतं.

मग 1979 साली दिल्लीतलं जनता सरकार आपसातल्या भांडणानं पडलं. आकाशवाणीला मोकळं करायचं विधेयक त्यांनी आणलं होतं, पण ते वर्गीज समितीनं सांगितलेल्यापेक्षा बरंच पातळ होतं, आणि लोकसभाच विसर्जित झाल्यानं तेही बुडालं. दोन वर्षं हातात होती. त्यात झालं नाही. तात्यांना ते फार लागलं. त्यांनी एकदाच बोलून दाखवलं, "दुसऱ्याच्या हातातला चाबूक मोडा म्हणायचं सोपं असतं. आपल्या हातात आला की वाटतं, राहू दे अजून थोडे दिवस."

1980 च्या जानेवारीत इंदिराबाई परत आल्या. बारामतीतून इंदापूरचे शंकरराव बाजीराव पाटील हाताच्या चिन्हावर निवडून आले. आणि 17 फेब्रुवारीला नऊ राज्यांची सरकारं एका फटक्यात बरखास्त झाली. त्यात पुलोदचं सरकार गेलं. तीन वर्षांपूर्वी जनता सरकारनंही नऊ काँग्रेसी राज्यांच्या विधानसभा अशाच बरखास्त केल्या होत्या. दोन्ही बातम्या रेडिओवर त्याच थंड आवाजात आल्या. पहिल्या वेळी त्या आवाजात आम्हाला न्याय दिसला होता. दुसऱ्या वेळी ओट्यावरची माणसं चिडली. "पक्षपाती रेडिओ," असं आण्णा म्हणाले. आण्णा! ज्यांचं सगळं आयुष्य "रेडिओनं सांगितलंय" म्हणण्यात गेलं ते.

31 ऑक्टोबर 1984 ला मी वीस वर्षांचा होतो. सकाळी इंदिराबाईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीनं त्या गेल्याचं दुपारीच सांगितलं. आकाशवाणीनं सांगेपर्यंत संध्याकाळ झाली. खुद्द राजीव गांधींनी बंगालच्या दौऱ्यावर असताना बीबीसी लावून खातरजमा केली, असं नंतर वाचलं. बारामतीच्या बाजारपेठेत लोक दुकानं ओढून घेत होते आणि एकमेकांना विचारत होते, "बीबीसीनं सांगितलं का?" ज्या पुणे केंद्राला आमची माणसं पत्रं लिहायची, त्या रेडिओवरचा विश्वास नऊ वर्षांत इथंवर आला होता.

पुढचा इतिहास झपाट्यानं सांगण्यासारखा आहे. 1990 साली प्रसार भारतीचा कायदा झाला. तो अमलात यायला 1997 चा सप्टेंबर उजाडला. मधल्या सात वर्षांत विश्वनाथ प्रताप सिंह, चंद्रशेखर, नरसिंह राव, वाजपेयी, देवेगौडा आणि गुजराल असे सहा पंतप्रधान झाले. चाबूक खाली ठेवायची घाई बहुतेक कुणालाच नव्हती. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की आकाशातल्या ध्वनिलहरी ही लोकांची मालमत्ता आहे, सरकारची नाही. तात्यांनी त्याचंही कात्रण काढलं. कायदा झाला, मंडळ झालं, पण पैसा सरकारचा राहिला आणि जो खुर्चीवर नसतो तो अजूनही म्हणतो, बातम्या खुर्चीच्या बाजूनं आहेत. खुर्चीवर बसला की म्हणत नाही.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानचा सामुदायिक रेडिओ आहे, वसुंधरा वाहिनी, 90.4 वर. गावोगावच्या बायका, शेतकरी त्यावर बोलतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला चावडीतल्या रेडिओ मंडळाची आठवण झाली. पण आपल्या देशात सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. द्यायच्या तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा. खासगी एफएमलाही तेच. म्हणजे पिकावरच्या रोगाबद्दल गाव बोलू शकतं, पण गावात कुणाला पोलिसांनी नेलं हे त्याच रेडिओवर गाव सांगू शकत नाही. आज्जीचा प्रश्न जिथल्या तिथं आहे.

आता घरात टीव्ही आहे, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. पोरं ज्याच्या त्याच्या पक्षाच्या बातम्या बघतात. माझा पुतण्या एक चॅनेल लावतो, मुलगा दुसरं. दोघंही म्हणतात, दुसऱ्याचं चॅनेल विकलेलं. बारामतीत घराघरांत आता असंच आहे, एका ताटात जेवणारी माणसं दोन बाजूंना बसलीत. पूर्वी निदान एकच रेडिओ होता आणि भांडण त्याच्यापुढं समोरासमोर बसून व्हायचं.

तात्या 2003 साली गेले. आण्णा त्यानंतर सहा वर्षांनी. शेवटच्या वर्षांत दोघं पुन्हा ओट्यावर सात पाचला बसायचे. ऐकू कमी यायचं म्हणून आवाज मोठा. बातम्या संपल्या की एकजण विचारायचा, "काय सांगितलं न्हाय आज?" आणि दोघं मिळून आठवत बसायचे : पाटाची पाळी चुकलेली, अमक्याच्या गावात झालेली मारामारी, बंद पडलेली शाळा. त्यांचा तो रोजचा उद्योग. आणीबाणीनं शिकवलेला.

मर्फीचा तो डबा अजून माळ्यावर आहे. त्याच्या पिशवीत परवान्याचं पुस्तक आहे, 1975 आणि 1976 चे शिक्के मारलेलं. त्या दोन्ही वर्षांची फी आण्णांनी वेळेवर भरली होती.